परभणी ते मुंबई विमानाने एक तास, पण कुठून कुठे?

मोबाइलवर परभणी ते मुंबई अंतर विचारलं तर उत्तर लगेच मिळतं: सरळ रेषेत सुमारे ४१० किलोमीटर, विमानाने साधारण एक तास. गणित म्हणून दोन्ही आकडे चोख आहेत. फक्त परभणीला विमानतळ नाही, आणि मुंबईचा विमानतळ म्हणजे मंत्रालय, टाटा रुग्णालय किंवा भावाचं डोंबिवलीतलं घर नव्हे. हा एक तास ज्या दोन टोकांमध्ये मोजलाय, त्यांपैकी एका टोकावरून विमान उडत नाही आणि दुसऱ्या टोकाला तुमचं काम नसतं. तरी बेत आखताना हाच आकडा डोक्यात बसतो. ‘गाडीने रात्रभर घासत जाण्यापेक्षा विमानाने तासाभरात’ असं म्हणत माणूस तिकीट काढतो आणि मग हिशेब चुकत जातो. प्रवासाचा वेळ घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंत मोजायला हवा. तसा मोजला की परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मुंबई, पुणे आणि हैदराबाद या तीन शहरांसाठी विमान क्वचितच उपयोगी पडतं असं दिसतं. तिकिटाचा दर बाजूला ठेवला तरी हेच खरं. दिल्ली-बंगळूरची गोष्ट वेगळी, ती पुढे येईलच.

आधी हा एक तास येतो कुठून ते पाहू. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सर्वांत जवळचं अंतर काढतात, त्याला ताशी आठशेच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. ४१० भागिले ८००, म्हणजे एकतीस मिनिटं, अधिक तीस, झाला एक तास. तो वरचा अर्धा तास धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं आणि पुन्हा सरकत जागेवर येणं यासाठी असतो. कमी पल्ल्याच्या उड्डाणात विमान नीट उंचीवर स्थिरावतं न स्थिरावतं तोच त्याला उतरायला लागावं लागतं. त्यामुळे तिथे अंतराचा आणि वेळेचा संबंध फार सैल होतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, तर नांदेडपासून सुमारे ४७०. फरक जवळजवळ दोनशे किलोमीटरचा, पण उड्डाणाच्या वेळेतला फरक जेमतेम पंधरा मिनिटांचा. तिकिटावर छापलेला वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. याचा एक उपयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऐन वेळी उड्डाण रद्द झालं आणि त्याला कंपनी जबाबदार असेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार मिळणाऱ्या भरपाईची कमाल रक्कम या ब्लॉक टाइमवरच ठरते: एका तासापर्यंत पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार रुपये. भाडंच कमी असेल तर भरपाईही त्याच मानाने कमी मिळते.

आता परभणीचा हिशेब मांडू. सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा. तो परभणीच्या पूर्वेला, सरळ रेषेत ५८ किलोमीटर, रस्त्याने सत्तरच्या घरात. मुंबई पश्चिमेला. म्हणजे मुंबईला जायचं म्हणून आधी मुंबईकडे पाठ करून सत्तर किलोमीटर जायचं आणि मग विमानात बसून पुन्हा परभणीवरूनच यायचं. घरून निघून नांदेडच्या विमानतळावर पोचायला दीड तास धरा. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, त्यामुळे दीड तास आधी पोचणं हा शहाणपणा झाला. उड्डाण सव्वा तास. मुंबईत उतरून सामान हाती यायला अर्धा तास, आणि तिथून दक्षिण मुंबईत कुठेही जायचं म्हटलं तर एक ते दीड तास. बेरीज सहा तासांची होते. यात उड्डाणाचा वाटा सव्वा तास, उरलेले पावणेपाच तास जमिनीवरचे. हे पावणेपाच तास मुंबईसाठीही तेवढेच आणि दिल्लीसाठीही जवळपास तेवढेच. सारं गणित या न आटणाऱ्या वेळेभोवती फिरतं. संभाजीनगरवरून जायचं ठरवलं तर दिशा बरोबर असते, पण तिथवर पोचायलाच रस्त्याने वा रेल्वेने तीन ते चार तास लागतात आणि एकूण बेरीज आठ तासांच्या आसपास जाते. म्हणजे वाचलं काहीच नाही, वर रिक्षा, टॅक्सी, रांगा आणि सुरक्षा तपासणी पदरात.

रेल्वेने परभणी ते मुंबई सुमारे ५५० किलोमीटर आहे: मनमाडपर्यंत २९१ आणि पुढे २६०. ऑगस्ट २०२५ पासून जालना-मुंबई वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली गेली. पहाटे पाचला नांदेड सोडणारी ही गाडी पावणेसहाच्या सुमाराला परभणीत असते आणि दुपारी अडीचच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. म्हणजे पावणेनऊ तास. विमानाच्या सहा तासांशी तुलना केली तर विमानाने पावणेतीन तास वाचले असं कागदावर दिसतं. पण प्रश्न किती तास वाचले हा नाही, कोणते तास वाचले हा आहे. समजा, मंत्रालयात सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. वंदे भारत अडीचला पोचते, म्हणजे त्या दिवशी ती निरुपयोगी. विमान उपयोगी पडेल, पण तेवढ्या सकाळी नांदेडहून ते उडत असेल तर. दुपारचं उड्डाण असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुंबईत मुक्काम करावा लागेल आणि मग वाचलेल्या तीन तासांच्या बदल्यात एक रात्र हॉटेलात जाईल. देवगिरी एक्सप्रेस मात्र रात्री परभणी सोडते आणि सकाळी मुंबईत उतरवते. तिचे अकरा-बारा तास घड्याळात सर्वांत जास्त, पण त्यातले बहुतेक झोपेत जातात. कामाच्या दिवसातून ती जवळजवळ काहीच घेत नाही. संध्याकाळी पुन्हा गाडीत बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीत हजर. हा हिशेब कोणतंही अंतर-गणकयंत्र मांडत नाही, कारण त्याला तुमची अकराची वेळ माहीत नसते. उलट, मुंबईहून रात्रीचं परदेशी विमान पकडायचं असेल तर हीच वंदे भारत उत्तम: दुपारी ठाण्याला किंवा दादरला उतरा, जेवा, आराम करा आणि निवांत विमानतळ गाठा.

सरळ रेषेचं अंतर मात्र अगदीच टाकाऊ नाही. त्याचा खरा उपयोग वळसा मोजायला होतो. रेल्वेचं अंतर भागिले सरळ रेषेचं अंतर, एवढं एकच गणित करा. मुंबईसाठी ५५० भागिले ४१०, म्हणजे साधारण एक पूर्णांक एकतृतीयांश; रूळ बऱ्यापैकी सरळ आहेत. हैदराबाद सरळ रेषेत २७५ किलोमीटर आणि रेल्वेने साडेतीनशेच्या आत. म्हणजे वळसा आणखी कमी. हा योगायोग नाही. मनमाड ते हैदराबाद हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात, राजधानीकडे तोंड करून टाकलेला. मीटर गेजच्या काळात परभणीचा माणूस हैदराबादला थेट जाई आणि मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदली. ती कटकट १९९० च्या दशकातल्या रुंदीकरणाने संपली. आता पुणे घ्या. सरळ रेषेत ते ३१० किलोमीटर, मुंबईपेक्षा शंभराने जवळ. पण मनमाड, अहिल्यानगर, दौंडमार्गे रेल्वेने ते सहाशे किलोमीटर पडतं. नकाशावर जवळचं शहर रुळांवर मुंबईपेक्षा लांब! परळी, लातूर, कुर्डुवाडीवरून जाणारी नांदेड-पनवेल एक्सप्रेस हे अंतर पाचशेच्या आसपास आणते, तरी वळसा आहेच. म्हणून पुण्याला जाणारी परभणीची पोरं रेल्वेच्या नादी न लागता रात्रीची ट्रॅव्हल्स धरतात. बीड, अहिल्यानगरवरून रस्त्याने पावणेचारशे-चारशे किलोमीटर, सकाळी वाघोली. हा लोकांनी अनुभवातून काढलेला निष्कर्ष गणिताशी तंतोतंत जुळतो. वळसा दीडपटीच्या खाली असेल तर रेल्वे, दुपटीकडे सरकत असेल तर रस्ता, असा ढोबळ ठोकताळा धरायला हरकत नाही.

दिल्ली आणि बंगळूरसाठी हिशेब उलटतो. परभणी ते दिल्ली सरळ रेषेत जवळजवळ १०३० किलोमीटर. सचखंड एक्सप्रेस परभणीहून आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि मग भुसावळ, भोपाळवरून उत्तरेला वळते. नवी दिल्ली गाठायला चोवीस तासांहून अधिक लागतात. विमानाने जमिनीवरचे पाच तास धरूनही सात तासांत माणूस पोचतो. बंगळूर सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटर, तिथेही विमानच. ज्या प्रवासाला जमिनीवरून एक रात्र पुरत नाही, तिथे विमानाचा विचार करावा. एका रात्रीत होणाऱ्या प्रवासाला तो करण्यात फारसा अर्थ नाही. दिल्लीचं तिकीट काढताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. नांदेडहून ‘दिल्ली’ म्हणून विकलं गेलेलं उड्डाण गाझियाबादजवळच्या हिंडन विमानतळावर उतरणारं असू शकतं. पूर्व दिल्लीत काम असेल तर ते सोयीचंच. पण इंदिरा गांधी विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर अख्खी दिल्ली ओलांडावी लागते. मुंबईच्या बाबतीतही आता हीच दक्षता हवी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे नुसतं ‘मुंबई’ वाचून भागत नाही. उलव्याच्या त्या विमानतळाला पनवेल जवळ पडतं, आणि परभणीहून थेट पनवेलला जाणारी गाडी आहे, हे परदेशी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग परभणीलाच विमानतळ करा. मागणी भावनिक आहे, पण नांदेडचा इतिहास पाहा. २००८ साली गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने तिथला विमानतळ मोठा झाला, नवी धावपट्टी आली, किंगफिशरची सेवा सुरू झाली; पुढे ती कंपनीच बुडाली. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतल्या अगदी पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबादचा समावेश होता. त्या योजनेत साधारण तासाभराच्या उड्डाणाला विमानातल्या निम्म्या जागांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा होती आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षं भरून देणार होतं. ट्रूजेटने सेवा चालवली, २०२२ मध्ये ती कंपनीही थांबली. मग २०२४ मध्ये स्टार एअर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या कारणावरून उड्डाणं काही काळ थांबली होती. त्याच महिन्यात वंदे भारत आली, हा योगायोग बोलका आहे. गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून यात्रेकरू येणाऱ्या शहरात ही स्थिती असेल, तर साठ किलोमीटरवर दुसरा विमानतळ बांधून विमानं कुठून येणार? जमिनीवरचे तास कमी करायचे असतील तर रुळांवर लक्ष द्यायला हवं. परभणी ते मुदखेड दुपदरीकरण झालं आहे; छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुपदरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत सेलूला किंवा परतूरला ताटकळणं ज्यांनी सोसलंय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आमदार-खासदारांपुढे आग्रह धरायचाच असेल तर तो याचा धरावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरात रुग्ण असेल तेव्हा पैसा आणि झोप यांचे हिशेब कोण करतो, त्याला लवकर पोचवणं महत्त्वाचं. खरं आहे. पण नियमित विमानसेवा आणीबाणीसाठी बनलेलीच नाही. गंभीर रुग्णाला नेण्याआधी डॉक्टरांकडून कंपनीचा वैद्यकीय अर्ज भरून घ्यावा लागतो, कंपनी तो नाकारू शकते, आणि स्ट्रेचरवरचा रुग्ण लहान विमानातून नेणं बहुधा जमत नाही. जीव धोक्यात असेल तर नांदेड किंवा संभाजीनगरचं मोठं रुग्णालय रुग्णवाहिकेने गाठणं हाच खरा वेग. ठरवून केलेल्या उपचारांसाठी, म्हणजे परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला वारंवार जावं लागतं तेव्हा, रेल्वे दोन अर्थांनी बरी. रुग्णाला आडवं होता येतं, आणि कर्करुग्णाला उपचारासाठी स्लीपर व थ्री-टायर एसीत भाड्याची पूर्ण सवलत, तर सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं; ते पहिल्याच भेटीत मागून घ्या. दादरला उतरलं की परळ हाकेच्या अंतरावर.

तिसरा आक्षेप समृद्धी महामार्गाचा. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. परभणीहून जालन्यापर्यंत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर जुन्या रस्त्याने आणि पुढे ताशी १२० च्या मर्यादेत समृद्धी, असं गेलं तर दक्षिण मुंबई आठ तासांच्या आसपास. चार जणांच्या कुटुंबाला हा मार्ग परवडतो, सामानाची काळजी नसते. पण चालवणारा एकच असेल तर सलग सरळ रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका खरा आहे, आणि आमण्याहून पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत समृद्धीने वाचवलेलं बरंच काही परत द्यावं लागतं.

आतापर्यंत परभणी शहर धरून बोललो, पण जिल्हा नऊ तालुक्यांचा आहे आणि हिशेब तालुक्यागणिक बदलतो. पूर्णेचा माणूस नांदेडपासून रेल्वेने तीसच किलोमीटरवर आहे. त्याचे जमिनीवरचे तास परभणीकराहून कमी, त्याच्यासाठी नांदेडचं विमान थोडं अधिक अर्थाचं. सेलू किंवा जिंतूरचा माणूस आधीच चाळीसेक किलोमीटर वायव्येला वा उत्तरेला; त्याने नांदेडचा विचार करताना दोनदा विचार करावा, संभाजीनगर त्याला दिशेने सोयीचं. सोनपेठ-गंगाखेडकडच्यांना परळी-लातूरची वाट उघडी आहे. म्हणून दुसऱ्याने केलेला हिशेब उचलू नका. कागदावर पाच आकडे लिहा: घर ते स्टेशन किंवा विमानतळ, तिथली वाट पाहणं, प्रत्यक्ष प्रवास, उतरून बाहेर पडणं, आणि तिथून कामाच्या जागेपर्यंत. मग त्यातले जागेपणीचे तास वेगळे काढा. आणि विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मागच्या वर्षी मावसभावाने जे विमान धरलं ते यंदा असेलच असं नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी शेवटचं थोडं. आखाताला निघालेली जिल्ह्यातली माणसं सवयीने मुंबई गाठतात. शमशाबादचा हैदराबाद विमानतळ परभणीहून सरळ रेषेत २८५ किलोमीटर, मुंबईपेक्षा सव्वाशेने जवळ. दर आणि वेळ दोन्हीकडचे पाहूनच ठरवा. तिकिटावर हैदराबाद ते दुबई प्रवास अडीच तासांचा वाटला तर फसू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, बसावं लागतं चार तास. नांदेडहून मुंबई वा हैदराबादपर्यंतचं विमान आणि पुढचं परदेशी विमान ही दोन वेगळी तिकिटं असतील, तर पहिलं रद्द झाल्यावर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही परत देणार नाही. अशा वेळी आदल्या दिवशी रेल्वेने पोचलेलं बरं. आणि परतीचा विचार जातानाच करा. विमान रात्री नांदेडला उतरणार असेल, तर तिथून जिंतूर किंवा पाथरीला जाणारं वाहन निघण्याआधीच ठरवून ठेवा. त्या वेळेला एसटी मिळेल या भरवशावर राहू नका.